हात खाली

हिउमा बेटावर, सत्तावीस सालच्या जूनमध्ये,
वादळाची वाट बघत अकरा दिवस बसून होती माणसं.
वादळ येईना.
समुद्र वाटीतल्या पेजेसारखा निपचित.
रात्रही धड येईना. उत्तरेकडची रात्र ती,
बारा वाजता सुईत दोरा ओवता येईल अशी.

शेवटी कार्डला गावातून आगीचा बंब आणला,
दोन घोडे जुंपून.
नळी आभाळाकडे धरली की पाऊस.
होडीखाली ओंडके घालून चार पोरांनी हलवली की लाटा.
एवाल्ड किर्स कॅमेऱ्याचा दांडा फिरवायचा,
सेकंदाला दोन फेरे,
आणि वेग चुकू नये म्हणून तोंडातल्या तोंडात पोल्का गुणगुणायचा,
बुडालेल्या माणसाचं प्रेत किनाऱ्याला लागलं
तेव्हासुद्धा.

हे बरंचसं मी रचलंय.
चित्रीकरणाचा एकच फोटो उरलाय.
त्यात बंब दिसतो, घोडे दिसतात,
आणि एका घोड्याला दोन डोकी, कारण तो हलला.

तालिनहून आलेली नायिका उन्हानं सोलली.
नाकाची सालपटं निघाली, पावडर बसेना.
म्हणून विधवेच्या कामाला गावातलीच घेतली,
आलीदे कोप्पेल.
‘समज, तुझा नवरा बुडालाय,’ दिग्दर्शक म्हणाला.
‘समजायचं काय त्यात?
दोन वर्षं होतील श्रावणा-भाद्रपदाच्या सुमाराला,’
असं ती म्हणाली नसणार, महिने तिचे वेगळे.
पण म्हणाली काहीतरी, आणि कुणीतरी हसलं,
आणि मग हसू गिळलं.
रडू येईना तिला. पाणी बंबातलंच संपत आलेलं.
‘बरं, नुसती बोल. काय वाटेल ते बोल.
आवाज कुठे येतोय.’

बोलली.

पाटी नंतर जोडली, काळ्यावर पांढरी, वेलबुट्टीची:
‘हे निर्दय सागरा, माझा सखा परत दे!’

तार्तूच्या थेटरात, सहाव्या रांगेत,
माझे आजोबा. जोडे शिवायचे. जन्मापासून बहिरे.
बाया डोळे पुसत होत्या, पियानोवाला जीव तोडून वाजवत होता,
आणि आजोबा ताडकन उभे राहिले, हात वर करून सांगायला लागले.
ती सागराचं नावही घेत नाहीये.
ती म्हणतेय, होडी कुजलेली होती.
तळातून बोट आरपार जायचं.
नुर्मला मी सांगितलं होतं, दोनदा, त्याच्या दारात जाऊन.

नुर्म म्हणजे होडीमालक.
सिनेमाला पैसे त्यानंच घातलेले.

आजोबांच्या हातांची सावली पडद्यावर पडली,
आलीदेच्या तोंडावर, एवढाली मोठी, पिसाळलेली.
‘हात खाली! ए, हात खाली!’
आजीनं त्यांची मनगटं धरली आणि मांडीवर दाबून ठेवली.
तिला ऐकू यायचं, म्हणून तिला लाज वाटली.
न ऐकणाऱ्याचं तोंड असंच दाबतात.

एकच प्रत होती म्हणे.
कंपनी बुडाली तेव्हा वजनावर विकली, रीगाच्या कुणाला.
धुऊन चांदी काढली, उरलेलं विरघळवून
जोड्यांचं लकाकी-रोगण केलं.
आजोबांच्या दुकानात तसले डबे असायचे,
झाकण काढलं की पिकल्या नासपतीचा वास.
त्यातच ती होती असं मी म्हणत नाही.
कुठलीही फिल्म असेल, कुठलंही रोगण.
नुर्म त्यांच्याकडे कधी जोडे घेऊन आला नाही, एवढं नक्की.

जायच्या आदल्या वर्षी त्यांनी ते सगळं मला पुन्हा करून दाखवलं,
पलंगावर उशीला टेकून, सावकाश.
मी नऊ वर्षांची. लक्ष खिडकीत.
आधी होडी आली की आधी नुर्म, आता सांगता येत नाही.
‘कुजलेली’ची खूण तेवढी राहिली:
अंगठ्यावर बोटं चोळायची,
भुसा झालेलं लाकूड चिमटीत घेतल्यासारखी.

कधीतरी संध्याकाळी करून बघते, दिवा पाठीमागे ठेवून.
भिंतीवर नीट उमटत नाही.
कुणी मीठ टाकतंय, असं वाटतं.